सागरी सरीसृपांची कवटी अभ्यासताना या चुका टाळा

साताऱ्यात डोंगरउतारावर डोळ्यांच्या खोबणीसारखे खड्डे पडलेला गोल दगड दिसला की 'कवटी सापडली' म्हणून फोटो टाकू नका. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि दगड गोल होतो. खड्डे बहुधा वायूच्या बुडबुड्यांचे. एखाद्यात गारगोटीही चमकते. लाव्ह्यात इक्थिओसॉर, म्हणजे माशासारख्या आकाराचा नामशेष सागरी सरीसृप, सापडायचा नाही, त्यासाठी समुद्रात साठलेला गाळाचा खडक लागतो. जुरासिक काळातला असा सांगाडा कच्छमध्ये लोडाईजवळ मिळाला, २०१७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

तरीही साताऱ्यात बसून अभ्यास होतो. मॉर्फोसोर्ससारख्या संकेतस्थळांवर कवट्यांची थ्रीडी मॉडेल्स आहेत. गडबड होते ती ती बघताना.

सगळ्यात जास्त फसवतात तडे. दोन हाडांमधली शिवण आणि नंतर गेलेला तडा फोटोत सारखेच दिसतात. तडा वाटेत येईल ते हाड कापत जातो. शिवण सहसा नागमोडी असते, तिच्यापाशी हाडाच्या रेषांची दिशा बदलते आणि कवटीच्या दुसऱ्या बाजूला तिची जोडीदार सापडते. म्हणून एका बाजूवरून निकाल देऊ नका. दोन्ही बाजूंची रेखाटनं काढा, शंका असेल तिथे तुटक रेषा. ओढूनताणून पूर्ण केलेल्या सुबक चित्रापेक्षा असं अर्धवट चित्र मला जास्त भरवशाचं वाटतं.

नाकपुडी तोंडाच्या टोकाला शोधू नका. इक्थिओसॉरची ती डोळ्याच्या जरा पुढे असते. डोळा मोजताना आधी कवटी चेपली आहे का पाहा, कारण शेलमध्ये, म्हणजे चिखल दाबून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, ती भाकरीसारखी सपाट होते आणि खोबण ताणली जाते. खोबणीतलं हाडांचं कडं जागच्या जागी असेल तर त्याचं माप घ्या.

संग्रहालयातल्या जुन्या कवटीत प्लास्टरही असतं. इंग्लंडमध्ये वॉरविकशायरला १९५५ साली मिळालेल्या इक्थिओसॉरच्या कवटीची पुन्हा तपासणी झाली, सीटी स्कॅनही केलं, तेव्हा जुन्या जोडणीतल्या चुका दिसल्या. नोंदीतला दुरुस्तीचा इतिहास आधी वाचा.

आणि मोसासॉर या दुसऱ्या सागरी सरीसृपाला डायनासोर म्हणू नका, तो घोरपड-सापांच्या गोतावळ्यातला. मॉडेल उलटं करून टाळू बघा: तिथेही दात दिसतील.