बी.एड. महाविद्यालयाच्या तपासणीची तयारी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील अध्यापक महाविद्यालयाची राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने तपासणी ठरवली, तर १९९३ च्या कायद्यातील कलम १३ नुसार तिची तारीख संस्थेला आधी कळवली जाते. पण हजेरीपत्रके ऐनवेळी नीट करता येत नाहीत. २०१४ च्या विनियमांप्रमाणे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, वर्गात ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेत (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात) ९० टक्के उपस्थिती लागते, म्हणून या नोंदी रोजच्या रोज मुख्याध्यापकांच्या सहीनिशी ठेवाव्यात. मराठी शाळांतील पाठांची टाचणे मराठीतच असू द्यावीत, मात्र त्यांचा गोषवारा कन्नड किंवा इंग्रजीत जोडावा. इमारतीच्या रंगरंगोटीवर (बहुतेकांचा भर तिथेच असतो) फार वेळ घालवू नये.