नवा कंडेन्सर बसवला तरी पंखा हळूच? खराब पार्ट कसा ओळखावा आणि दुरुस्ती कशी तडीस न्यावी

छताचा पंखा हळू पडला की घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो: कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला मदत करणारा छोटा कपॅसिटर, बदला. उपाय बरोबरच आहे, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. पण नवा कंडेन्सर बसवूनही पंखा जसाच्या तसा राहिला की गाडी भलत्याच रुळावर जाते. ‘कंडेन्सर तर नवा आहे, म्हणजे मोटरच गेली,’ असं ठरवून पंखा रिवाइंडिंगला (मोटरमधली तार नव्याने गुंडाळायला) दिला जातो किंवा भंगारात जातो. आणलेला नवा पार्टच खराब असू शकतो, ही शंका कुणाच्या मनातही येत नाही.

ती यायला हवी. विजेच्या वस्तूंच्या बिघाडाचा क्रम इंजिनिअर मंडळींना चांगला ठाऊक असतो. अगदी सुरुवातीला काही नग बिघडतात, कारण कारखान्यात राहिलेले दोष लगेच उघड होतात. मग बराच काळ सगळं सुरळीत चालतं आणि वय झालं की बिघाड पुन्हा वाढतात. म्हणजे तुमचा जुना पार्ट या क्रमाच्या शेवटाला असतो, तर नवा सुरुवातीच्या धोक्याच्या टप्प्यात. त्यात नकली मालाची भर. म्हणून घरच्या दुरुस्तीचा माझा एकच आग्रह आहे: नवा पार्ट बसवण्याआधी तपासायचा आणि नवा नीट चालेपर्यंत जुना फेकायचा नाही. खालची सगळी पद्धत याच दोन गोष्टींसाठी आहे.

१. कंडेन्सरला हात लावण्याआधी

आधी घरातले बाकीचे पंखे पाहा. संध्याकाळी सगळेच मंदावत असतील तर व्होल्टेज कमी आहे, पंख्याचा दोष नाही. एकच पंखा मंद असेल तर तो बंद करून पातं हाताने फिरवा. चांगला पंखा हलक्या धक्क्याने आवाज न करता काही फेरे घेतो. खरखर ऐकू आली किंवा पातं लगेच थांबलं, तर बेअरिंग धरलं आहे. अशा पंख्याला कितीही कंडेन्सर लावले तरी फरक पडणार नाही.

पंखा नुसता घूं करत असेल, फिरत नसेल, तर जमिनीवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने पात्याला हलकंच ढकला. ढकलाल त्या दिशेला तो फिरायला लागला, तर कंडेन्सर पुरता गेला असं समजायला हरकत नाही. फिरतो पण हळू, असं असेल तर कंडेन्सरची क्षमता घटली असावी. या कंडेन्सरमध्ये प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. फिल्म कुठे फुटली की तिथला धातू जळून जातो आणि कंडेन्सर स्वतःला वाचवतो. पण दर वेळी थोडी क्षमता कमी होते. पंखा वर्षानुवर्षं हळूहळू मंदावतो तो यामुळे.

रेग्युलेटर पाचवर ठेवूनच तपासा. पाचवरही पंखा मंद असेल तर रेग्युलेटरवर संशय कमी.

२. वीज बंद

भिंतीवरचं बटण बंद केलं एवढ्यावर भागवू नका. कितीतरी घरांत वायरिंग करताना बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर दिलेलं असतं. मग बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत फेज पोचलेली असते. एमसीबी किंवा मेन स्विचच खाली पाडा आणि घरातल्यांना तसं सांगून ठेवा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो याची खात्री करा, मग पंख्याच्या वायरींना लावा. टेस्टरच बंद पडलेला असेल तर तो ‘वीज नाही’ असंच दाखवणार.

प्लास्टिकच्या खुर्चीवर चढू नका. घडीची शिडी घ्या आणि ती धरायला कुणीतरी खाली असू द्या.

३. जुना कंडेन्सर उतरवताना

बहुतेक पंख्यांत कंडेन्सर दांड्यावरच्या वरच्या वाटीत असतो, काहींत मोटरच्या खालच्या झाकणात. वाटी सरकवली की कुठलीही वायर सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, ते कंपनीप्रमाणे बदलतात. पुढे काही अडलं तर हा फोटोच वाट दाखवतो.

कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक असू शकतो. होल्डरला लावलेल्या साध्या पिवळ्या बल्बची दोन टोकं कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवा, तो रिकामा होतो. पक्कड लावून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात पार्टही खराब होतो आणि डोळ्यांनाही धोका.

आता त्यावर काय छापलंय ते वाचा. पंख्याच्या कंडेन्सरवर बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असतं, काही पंख्यांत ४. एमएफडी लिहिलं असेल तर तेही तेच एकक. शेजारी ४४० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि अधिक-उणे ५ टक्के असं असतं. हा पाच टक्क्यांचा आकडा पुढे कामाला येणार आहे.

४. दुकानात

अख्ख्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे, कारण खराब पार्ट घरी येण्याआधीच अडवता येतो. जुना कंडेन्सर सोबत न्या आणि त्याच आकड्याचा मागा. ‘४ चा टाका, पंखा पळेल’ असा सल्ला मिळाला तरी घेऊ नका. मोठ्या कंडेन्सरने स्टार्टिंग वाइंडिंगमधून (मोटर सुरू करणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून) जास्त करंट जातो, मोटर तापते आणि आज मिळालेल्या वेगाची किंमत वाइंडिंग भरतं.

कंडेन्सर मीटरवर लावून दाखवायला सांगा. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतली लोहार चाळ अशा ठिकाणच्या दुकानदारांना अशा मागणीची सवय असते, पण गावच्या दुकानातही मागायला संकोच कशाला? नाहीतर कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर स्वतःच घ्या. घरात दुरुस्ती करायची हौस असेल तर हे पहिलं हत्यार. २.५ चा कंडेन्सर मीटरवर साधारण २.३८ ते २.६२ दाखवायला हवा, ३.१५ चा साधारण ३ ते ३.३. नवा कोरा नग १.९ दाखवत असेल तर तो तिथेच परत करा.

मीटर लावलेला असतानाच कंडेन्सरच्या वायरी मुळाशी हलक्या हलवून पाहा. आकडा नाचला किंवा शून्य झाला, तर आतला जोड कच्चा आहे. नव्या पार्टमधला हा दोष फसवा असतो. टेबलावर तो बरोबर आकडा दाखवतो आणि वाटीत वायरी वाकवून कोंबल्या की तुटतो.

छपाईही पाहा. अक्षरं पुसट आहेत का? बनवल्याचा महिना-वर्ष आहे का? आयएसआय खूण असेल तर तिच्यासोबत सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो आणि भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो टाकून पाहता येतो. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर काय ते समजा.

शक्य असल्यास दोन घ्या, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकाच खोक्यातले दोन घेतले तर दोघांतही एकच दोष असण्याची शक्यता राहते. हा फाजील खर्च नाही. मीटर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यामुळे मीटरवर पास झालेला कंडेन्सर २३० व्होल्टवर कच खाऊ शकतो. अशा वेळी दुसरा लावून पाहणं हीच खरी परीक्षा. आणि बिल घ्या, साध्या कागदावर का होईना, पण तारीख आणि शिक्क्यासह.

५. बसवणं

कंडेन्सरच्या दोन वायरींना उलट-सुलट नसतं, कुठलीही कुठेही चालते. मात्र मोटरकडून आलेल्या वायरींची अदलाबदल चालत नाही. रनिंग आणि स्टार्टिंग वाइंडिंग बदललं की पंखा उलटा फिरतो, हवा वर फेकतो आणि खाली बसलेल्याला वाटतं की पंखा अजून मंदच आहे. कंडेन्सर निर्दोष असताना त्याच्यावर आळ येतो तो असा. फोटो समोर ठेवून जोडा.

तांब्याची तार पुरेशी सोला, कनेक्टरचा स्क्रू घट्ट करा आणि प्रत्येक वायर ओढून पाहा. नुसत्या पिळलेल्या जोडावर टेप गुंडाळून काम उरकू नका. पंखा सतत थरथरतो, असे जोड सैल होतात.

वाटी वर सरकवण्याआधी दांड्याच्या बोल्टमधली पिन जागेवर आहे आणि तिची टोकं दुमडलेली आहेत, हे डोळ्यांनी बघा. तिला हात लावला नसला तरी बघा. अख्ख्या पंख्याचा भार त्या बोल्टवर असतो.

६. तरीही पंखा चालला नाही तर

इथे धीर सुटतो. माणूस एका दमात रेग्युलेटर बदलतो, वायरी बदलतो, दुसरा कंडेन्सर लावतो आणि मग कशाने काय झालं ते कळेनासं होतं. एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा.

वीज बंद करून आधी जोड पुन्हा पाहा, फोटोशी ताडून. नंतर बसवलेला कंडेन्सर रिकामा करून पुन्हा मोजा. बसवण्याआधीचा आकडा आणि आताचा आकडा वेगळे असतील तर गुन्हेगार सापडला. आकडा तोच असेल तर दुसऱ्या कंपनीचा लावा. जुना कंडेन्सर अजून थोडा जिवंत असेल तर तोही परत लावून बघा. जुन्यावर पंखा हळू का होईना फिरतो आणि नव्यावर फिरतच नाही, तर मोटर ठीक आहे आणि नवा पार्ट खराब, इतकं सरळ उत्तर मिळतं. जुना फेकू नका म्हणतो ते याचसाठी.

दोन्ही कंडेन्सर चांगले असूनही पंखा हलत नसेल तर वाइंडिंग मोजा. एमसीबी बंद ठेवून मोटरच्या तिन्ही वायरी मोकळ्या करा आणि दोन-दोनच्या जोडीत ओहम मोजा. तीन आकडे मिळतील, त्यांतल्या दोन लहानांची बेरीज साधारण तिसऱ्याइतकी यायला हवी. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग तुटलं आहे. कुठल्याही वायरीपासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत जोड दाखवत असेल तर तो पंखा पुन्हा चालू करू नका, शॉक बसेल. मोटर गेली असं आता म्हणता येतं, कारण ते मोजून ठरलं आहे.

७. कुठे थांबायचं

रिवाइंडिंग घरी होत नाही. बेअरिंग बदलायला पंखा उतरवावा लागतो, मोटर उघडावी लागते आणि पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लागतो. हातोडीने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं आणि मग दोष दुकानदाराला जातो. हे काम वाइंडिंगवाल्याकडे द्या. बेअरिंग तुम्ही आणणार असाल तर जुन्यावरचा क्रमांक वाचून आणा. छताच्या पंख्यांत ६२०१ आणि ६२०२ नेहमी दिसतात. दोघांत फरक मिलिमीटरांचा: पहिल्याचं आतलं भोक १२, दुसऱ्याचं १५.

बीएलडीसी पंख्याला (वीज वाचवणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरच्या) कंडेन्सरचं यातलं काहीच लागू नाही. त्याला बहुधा रिमोट असतो आणि वेग आतला सर्किट बोर्ड सांभाळतो. वॉरंटी असेल तर तो उघडूच नका.

इलेक्ट्रिशियनला बोलावलंत तर तुमचा कागद त्याच्यासमोर ठेवा: काय बदललं, कुठला आकडा आला. अनुभवी माणूस त्यावरून अर्धं काम वाचवतो. आणि त्याने बसवलेला पार्ट त्याच दिवशी बंद पडला तर लगेच त्याच्या हाताला दोष देऊ नका. त्यालाही तोच बाजारातला माल मिळतो.

८. खराब पार्ट परत करताना

मीटरवरच्या आकड्याचा आणि पार्टवरच्या छापील आकड्याचा एकाच चौकटीत फोटो काढा. तो आणि बिल घेऊन गेलात की बहुतेक दुकानदार वाद न घालता बदलून देतात. ‘इलेक्ट्रिकचा माल परत नाही’ अशी पाटी असली तरी सदोष माल सदोषच राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याविरुद्ध तक्रारीचा हक्क देतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तेवढ्याने मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. एका कंडेन्सरसाठी तिथवर कुणी सहसा जात नाही, पण फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा वॉशिंग मशीनचा बोर्ड याच तऱ्हेने खराब निघाला तर रक्कम हजारांत असते. तेव्हाही लागतात त्या याच गोष्टी: बिल, आकड्याचा फोटो आणि जपून ठेवलेला तो खराब पार्ट.