सोलापुरात कोण कोण राहतं, हे नीट कसं शोधायचं

महापालिकेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा 'माझे शहर' या प्रकल्पात हमखास एक वाक्य यायचं: "सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे लोक गुण्यागोविंदाने राहतात." वाक्य खोटं नाही. पण कोण, कुठे, किती, कशासाठी आले, असं विचारलं की मुलं गप्प व्हायची. हल्ली कॉलेजची मुलं, वॉर्डात काम करणारे कार्यकर्ते, नवे पत्रकार माझ्याकडे याच प्रश्नासाठी येतात. मी शहराच्या तेलुगूबहुल पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि 2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार फिरलेली. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आपली जनगणना वंश विचारत नाही. धर्म विचारते, अनुसूचित जाती-जमातीचे आहात का ते विचारते, मातृभाषा विचारते आणि येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारते. सगळ्या जातींचे आकडे 1931 नंतर जनगणनेतून आलेले नाहीत. म्हणून "सोलापुरात अमुक समाज इतके लाख" असं कुणी ठासून सांगितलं, तर आकडा कुठल्या तक्त्यातला ते विचारा. निवडणुकीच्या तोंडावर तर जरूर विचारा.

सोलापूरपुरतं सांगायचं तर सुरुवात मातृभाषेपासून करा. जनगणनेच्या संकेतस्थळावर सी-16 नावाचा तक्ता मिळतो, तो तालुक्यापर्यंत उतरतो. त्यात उत्तर सोलापूर तालुका उघडा. 2011 ला शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती आणि या तालुक्यातले बहुतेक लोक शहरातलेच, त्यामुळे चित्र बरंचसं शहराचं मिळतं. जिल्ह्याचा आकडा शहराला लावू नका. त्रेचाळीस लाखांच्या जिल्ह्यात करमाळा, माढा, बार्शीची मराठी एवढी भरते की आमची तेलुगू त्यात दिसेनाशी होते, आणि अक्कलकोटची कन्नड वेगळीच भर घालते.

आता मुख्य गोष्ट. तक्त्यात मोठ्या भाषेच्या नावाखाली छोट्या मातृभाषांच्या ओळी असतात. बहुतेक जण वरचा आकडा उचलतात आणि पुढे जातात. तसं करू नका. हिंदीच्या आकड्यात लमाणी आणि बंजारी धरलेली असते, म्हणजे तांड्यावरची बाई कागदावर हिंदी भाषक होते. वडारी तेलुगूत मोजली जाते. कैकाडी तर तमिळमध्ये! सोलापुरात तमिळ बोलणारे कोण, असा प्रश्न पडला तर उत्तर चेन्नईकडे शोधू नका, आधी खालची ओळ वाचा. एकेक ओळ वहीत उतरवून काढा. कंटाळवाणं आहे, पण गावाचा अर्धा इतिहास त्या बारीक ओळींत आहे.

धर्माचा तक्ता सी-1. शहरात तीन चतुर्थांशाहून थोडे जास्त हिंदू आणि साधारण पाचवा हिस्सा मुस्लिम. हा तक्ता लवकर वाचून होतो, पण त्यावरून भाषा ठरवायला जाल तर फसाल. 'हिंदू' या एका रकान्यात मंगळवार पेठेतला कन्नड बोलणारा लिंगायत व्यापारी आहे, दत्तनगरचा तेलुगू बोलणारा पद्मशाली मागवाला आहे आणि मराठी बोलणारा स्वकुळसाळी विणकरही आहे. जैनांचं तेच. वालचंद हिराचंद 1882 साली इथेच जन्मले, घर गुजराती, पंथ दिगंबर. पण जिल्ह्यात घरात मराठी बोलणारे दिगंबर जैनही आहेत. मुस्लिम घरात मातृभाषा उर्दू लिहिली जाते, पण अंगणातली बोली दख्खनी असते, आणि बागवान, शिकलगार, अत्तार, मण्यार ही व्यवसायांवरून पडलेली नावं त्या रकान्यात कुठेच दिसत नाहीत.

मग येतो तो भाग, जिथे तक्ते हात टेकतात. सेटलमेंटचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, पुढे त्यांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवलं, हजेऱ्या घेतल्या. 31 ऑगस्ट 1952 ला त्यांची त्यातून सुटका झाली. पण आज त्यांची संख्या काढायला जा. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत, सोलापुरात मात्र विमुक्त जातीत. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी आणि पालपारधी विमुक्तांत. वडारही विमुक्तांत. जनगणनेत विमुक्तांना रकाना नव्हता. म्हणजे एकाच वस्तीतली काही घरं मोजली गेली आणि शेजारची नाही. हे मला फार लागतं. ज्यांची एकेकाळी दिवसाला हजेरी घेतली, त्यांचीच मोजदाद सरकारकडे नाही. तुम्ही अभ्यास करणार असाल तर शहराच्या चित्रात हा तुकडा रिकामा आहे, असं स्पष्ट लिहा. अंदाजाने भरू नका.

हद्दीचंही भान ठेवा. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, 2006 मध्ये ताबा मिळाला. कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी लढून मिळवलेली ती घरं. पुढे तिथेच रे नगर उभं राहिलं, 2024 च्या जानेवारीत त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते! पूर्व भागातून उठून तिकडे गेलेली तेलुगू कुटुंबं आता शहराच्या आकड्यातून वजा होतात. तेव्हा दक्षिण सोलापूरचा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय "सोलापुरात तेलुगू कमी झाले" असं लिहू नका.

आकडे झाले की चालायला निघा. कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ या बाजूला सकाळीच जा. यंत्रमागाचा खडखडाट सुरू झालेला असतो आणि बायका आदल्या दिवशी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला निघालेल्या असतात. तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, इथली तेलुगू माणसं मागाच्या ओढीने आली. 1860 ला रेल्वे आली, 1877 ला 'जुनी मिल' ही कापड गिरणी सुरू झाली, आणि काम आहे म्हटल्यावर नातेवाईक नातेवाइकांना बोलवत राहिले. बाप मागावर, आई सुपात तंबाखू-पान घेऊन उंबऱ्याशी, हे आमच्या बहुतेक घरांचं चित्र. विड्या वळणाऱ्या बाईला प्रश्न विचारायचे तर दुपारी तिच्याजवळ बसून विचारा. तिचे हात थांबले तर तिची मजुरी बुडते, म्हणून लिहायचं काम तुम्ही करा, तिला फॉर्म भरायला लावू नका.

सणही वाचता आले पाहिजेत. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात. कुठल्या काठीचा मान कुठल्या समाजाकडे, हे मानकऱ्यांना नम्रपणे विचारा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांच्या नावाने हे गाव कसं बांधलं गेलं ते तिथे कळतं. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ पाहा. पालिकेच्या शाळांच्या पाट्या वाचा: मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू. मात्र शाळेच्या पटावरून लोकसंख्या काढू नका, कारण तेलुगू घरातली पुष्कळ मुलं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात.

आडनावावरून तर कधीच ठरवू नका. स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना एकत्र फाशी झाली. ही चार नावं वाचली की गाव डोळ्यांपुढे येतं, हे खरं. पण आजच्या गल्लीत पाटील कन्नडही असतो आणि मराठीही, आणि शिंदे कुठल्याही जातीचा असू शकतो.

"तुम्ही कुठले, कोणत्या समाजाचे?" असं दारात उभं राहून विचारलं की माणूस आक्रसतो. मी असं विचारायचे: "लहानपणी आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची?" जनगणनेतली मातृभाषेची व्याख्याही हीच. लगेच पुढे विचारा, आता मुलांशी काय बोलता, आणि नातवंडं तुमच्याशी काय बोलतात. तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा. आमच्या घरात पहिलं उत्तर तेलुगू, दुसरं निम्मं-निम्मं, तिसरं मराठी. जात स्वतःहून सांगितली तर लिहा, नाहीतर रकाना मोकळा सोडा. घर क्रमांक आणि नाव एकाच कागदावर जातीसोबत कधी लिहू नका. असा कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

जुन्या काळासाठी 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर आहे. जातवार माहिती भरपूर, पण लिहिणारे साहेब, त्यामुळे माणसांच्या स्वभावावर त्यांनी मारलेले शिक्के सोडून द्या. व्यवसाय, घरं, कपडे, अन्न एवढं घ्या.

येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे आणि या वेळी जातही विचारणार आहेत. प्रगणक दारात आला की मातृभाषेच्या प्रश्नाला आपल्या बोलीचं खरं नाव सांगा: वडारी असेल तर वडारी, लमाणी असेल तर लमाणी. तो "मराठी लिहू का?" म्हणाला तर नको म्हणा. तुम्ही सांगाल तेच त्याने लिहायचं असतं, आणि लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवायला सांगा.