आतड्यातल्या बॅक्टेरियाचं एन्झाइम स्क्रीनवर उघडून कसं बघायचं

घरात कुणाचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी इरिनोटिकॅन हे केमोचं औषध चालू असेल तर त्या जुलाबांचा त्रास काय असतो ते वेगळं सांगायला नको. माझ्या आत्याचं चालू होतं तेव्हा मला एकच प्रश्न पडायचा, औषध शिरेतून जातंय मग पोट का बिघडतंय? त्याचं बरंचसं उत्तर बॅक्टेरियाच्या बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाच्या एका एन्झाइममध्ये (एन्झाइम म्हणजे रासायनिक काम उरकणारं प्रोटीन) आहे, आणि ते एन्झाइम कुणीही घरबसल्या फुकट बघू शकतं, कसं ते सांगते.

आधी काम समजून घ्या, नाहीतर नुसत्या रंगीत रिबिनी दिसतील. इरिनोटिकॅनपासून शरीरात एसएन-३८ बनतं, कॅन्सरच्या पेशी तेच मारतं. मग लिव्हर त्याला ग्लुकुरोनिक ॲसिड नावाची साखर चिकटवून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं, म्हणजे कचरा बांधून दारात ठेवला तसं. पण आतड्यातल्या बॅक्टेरियाला ती साखर खायला हवी असते, ते आपल्या एन्झाइमने गाठ सोडून साखर नेतात आणि मागे उघडं विष राहतं, ते आतड्याचं अस्तर सोलतं. (इरिनोटिकॅन ज्या कॅम्पटोथेसिनपासून बनवतात ते १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी शोधलं, आणि आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही ते असतं. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.)

आता लॅपटॉप घ्या, मोबाइलवर बोटाने नीट फिरवता येत नाही. प्रोटीनच्या रचना जिथे साठवलेल्या असतात त्या प्रोटीन डेटा बँकेच्या साइटवर जाऊन सर्चमध्ये ३के४६ टाका, आकडे आणि अक्षर इंग्रजीत, मध्ये स्पेस नाही. ही ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या एन्झाइमची रचना. थ्रीडी व्ह्यूवर क्लिक करा, आणि चारऐवजी दोनच साखळ्या दिसल्या तर असेंब्लीच्या ठिकाणी १ निवडा, कारण हे एन्झाइम चौघांच्या जुडग्यात काम करतं आणि पुढे त्याचा संबंध येणार आहे.

एकच साखळी बघा. ६०३ अमिनो ॲसिडची, म्हणजे प्रोटीनच्या मण्यांची, आहे, तिचे तीन भाग पडतात, पहिल्या दोन भागांवर फार वेळ घालवू नका. शेवटचा, साधारण २७४ पासून पुढचा, तो पिंपासारखा गोल भाग म्हणजे टिम बॅरल, खरं काम तिथे चालतं. वरच्या सीक्वेन्सच्या पट्टीत, जिथे हे मणी क्रमाने लिहिलेले असतात, ग्लुटामेट नावाचे ४१३ आणि ५०४ नंबरचे मणी शोधून क्लिक करा (माउस नेल्यावर दोन नंबर दिसले तर ऑथ लिहिलेला धरा, शोधनिबंधांत तोच असतो). दोघं एका खड्ड्यात समोरासमोर आहेत बघा. ४१३ प्रोटॉन देऊन साखर आणि औषध यांच्यातला बंध सैल करतो, तेवढ्यात ५०४ साखरेला पकडतो, औषध सुटून जातं, मग पाण्याचा रेणू येऊन साखरही सोडवतो. तिथेच ॲस्पॅराजिन ५६६ आणि लायसिन ५६८ हे मणी पण बघून ठेवा, ग्लुकुरोनिक ॲसिडच्या ॲसिडवाल्या टोकाला धरणारे ते हेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टीत ३६० ते ३७६ सिलेक्ट करून वेगळा रंग द्या. खड्ड्याच्या तोंडाशी एक सैल फास लोंबतोय, आणि शेजारच्या साखळीचाही तसाच फास जवळ येतो, म्हणून म्हटलं चौघं एकत्र बघा. मध्येच रेघ तुटक दिसली तर फाइल खराब नाहीये, रचना ज्या प्रोटीनच्या क्रिस्टलवरून काढतात त्यात तिथले अणू एका जागी स्थिर नसले की तसं दिसतं. मग साइटवरच दोन रचना जुळवायचं टूल आहे, त्यात याची ए साखळी आणि १बीएचजीची ए साखळी टाका. ते आपलं, माणसाचं बीटा-ग्लुकुरोनिडेज, पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीतलं. बॅरल जवळजवळ एकमेकांवर बसतं, खड्डाही तोच, पण तो फास आपल्यात नाही! मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती फिरवून फिरवून बघत बसले होते.

२०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या मॅथ्यू रेडिन्बोंच्या लॅबने याच फरकाचा फायदा घेतला. ३एलपीएफ उघडलंत तर एन्झाइमला अडवणारा त्यांचा एक रेणू त्या तोंडाशी फासाला टेकून बसलेला दिसेल. बॅक्टेरिया मरत नाहीत, आपलं एन्झाइम चालूच राहतं, आणि इरिनोटिकॅन दिलेल्या उंदरांचे जुलाब आटोक्यात राहिले. अँटिबायोटिक देऊन चांगले-वाईट सगळेच मारण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं वाटतं मला. पण हे उंदरांमधलं काम आहे हं, पेशंटला जुलाब सुरू झाले तर वाट न बघता ताबडतोब डॉक्टरांना फोन करा, मनाने प्रोबायोटिक वगैरे काही देऊ नका.

आणि हे बघून झाल्यावर ई. कोलायवर थांबू नका. २०१७ मध्ये माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाची अशी २७९ वेगवेगळी एन्झाइम मोजली गेली, फासाची जागा आणि लांबी बघून त्यांचे सहा गट केले, त्यातल्या एका गटात फास मुळीच नाही. त्यामुळे दुसऱ्या बॅक्टेरियाची रचना उघडली की आधी ते दोन ग्लुटामेट शोधा आणि लगेच खड्ड्याच्या तोंडाशी काय लोंबतंय ते बघा, फासाला टेकणारा रेणू तिथे टिकेल का याचा पहिला अंदाज तिथेच येतो.