नाग नदीच्या काठानं पायी, पुलावरून पुलावर

नागपुरात सारा जन्म गेलेल्या माणसाला विचारा, आज नाग नदी किती वेळा ओलांडली? तो गोंधळतो. कामावर जाता-येता तीन-चार पूल लागतात, पण गाडीवरून ते पूल वाटतच नाहीत. कठडा दिसतो, वास येतो, तेवढ्यात सिग्नल हिरवा होतो. ज्या नदीवरून शहराला नाव पडलं, तिला आपण सरळ ‘नाला’ म्हणून मोकळे होतो. मी गेली काही वर्षं थंडीत ही नदी पायी चालतो आणि दरवेळी कुणाला तरी सोबत नेतो. कसं जायचं ते इथे सविस्तर लिहितो.

वाडीकडच्या लाव्हा गावच्या टेकड्यांत ही नदी उगम पावते, अंबाझरी तलावात येते आणि तिथून सांडव्यावरून शहरात शिरते. शहरातली तिची लांबी सुमारे 17 किलोमीटर. एवढं सगळं एका दिवसात चालू नका. मी दोन सकाळी सुचवतो. पहिली अंबाझरी ते पंचशील चौक, चारेक किलोमीटर. दुसरी गांधीसागर, महाल आणि जुनी शुक्रवारी, तीनेक किलोमीटर. रमतगमत गेलं तर एकेकीला तीन तास सहज लागतात.

आधी नदी कागदावर गिरवा

नदीकाठानं सलग पायवाट नाही. ही गोष्ट आधीच मनात पक्की केली तर चालणं सुखाचं होतं. मोबाइलवर नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि अंबाझरीच्या पूर्वेकडून निघणारी रेघ पेन्सिलीनं कागदावर उतरवा. जिथे रस्ता तिला छेदतो तिथे फुली मारा. प्रत्येक फुली म्हणजे एक पूल. पुलावर थांबायचं, वरच्या अंगाला पाहायचं, खालच्या अंगाला पाहायचं आणि मग गल्लीबोळातून पुढचा पूल गाठायचा. नदी आता उजव्या हाताला आहे की डाव्या, हे दर फुलीपाशी लिहून ठेवा.

पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. शंकरनगरजवळ एका गल्लीत शिरलो आणि गल्ली एका कंपाउंडच्या भिंतीशी संपली. पाण्याचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट येत होता, पण जायला वाट नव्हती. सोबत आई होती. परत फिरण्यात तिचे गुडघे दुखायला लागले आणि त्या दिवशीचं चालणं तिथेच थांबवावं लागलं. तेव्हापासून कागद खिशात असतोच.

दिवस आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. मार्चनंतर नागपूरचं ऊन काय असतं ते नागपूरकराला सांगायला नको, आणि पाणी कमी होतं तसा वासही वाढतो. पावसाळ्यात काठानं अजिबात फिरू नका. पायात बंद बूट, डोक्यावर टोपी, जवळ पाण्याची बाटली आणि नाकावर बांधायला रुमाल. दुर्बीण असली तर उत्तम.

टोपी मुद्दाम सांगतो, कारण नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिच्यासोबत चालताना सकाळचं ऊन सरळ डोळ्यांवर येतं.

पहिली सकाळ: अंबाझरीच्या बांधावर

साडेसहाला बांधावर असा. पोहोचायला मेट्रोचं धरमपेठ कॉलेज स्टेशन सोयीचं, मात्र पहिली गाडी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. तलाव बांधाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी आणि उजेड थेट पाण्यावर. पक्षी पाहायला याहून चांगली जागा शहरात नाही. हळदी-कुंकू बदक त्याच्या चोचीवरून लगेच ओळखू येतं, टोकाला पिवळी आणि मुळाशी तांबडे ठिपके. काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पाण्यावर घोळक्यानं असतात. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले दिसतील. काठच्या गवतावर धोबी शेपटी हलवत पळतात, ते थंडीचे पाहुणे.

तलाव नागपूरकर भोसल्यांच्या काळाचा. 1870 च्या सुमारास तो शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी कामाला आला आणि पुढे कित्येक वर्षं नागपूर याच पाण्यावर होतं.

बांधावरून विवेकानंद स्मारकाकडे या. सांडवा याच बाजूला आहे, आणि तलाव भरला की शहरातली नाग नदी इथून सुरू होते. इथे थोडं थांबाच. 22 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली आणि खालच्या कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या वस्त्या लोक झोपेत असतानाच पाण्याखाली गेल्या. पुढे चालताना तिथल्या एखाद्या घरापुढे कुणी झाडलोट करत असेल तर विचारा, पाणी कुठवर आलं होतं? ते हातानं भिंतीवर खूण दाखवतात. मला एका काकूंनी त्यांच्या खिडकीच्या चौकटीला हात लावून दाखवलं होतं. ती चौकट माझ्या छातीपर्यंत येत होती. नदीला तिची जागा लागते हे मी त्या खिडकीपाशी समजलो.

शंकरनगर ते पंचशील

इथून नदी दोन भिंतींच्या मध्ये जाते. वास येतो, फेस दिसतो, प्लास्टिक अडकलेलं असतं. हे सगळं असतानाही प्रत्येक पुलावर पाच मिनिटं द्या. काही दिसत नाही असं वाटेल, पण नजर बसायला वेळ लागतो.

एका पुलावर मी शेकाट्या पाहत उभा होतो. सुईसारखी काळी चोच, काळे पंख, बाकी अंग पांढरं आणि पाय इतके लांब आणि गुलाबी, की रंगवलेल्या काड्यांवर पक्षी ठेवल्यासारखा वाटतो. घाण पाण्यातले किडे त्याला चालतात, म्हणून तो इथे टिकून आहे. तो एक पाय वर काढायचा, थेंब झटकायचा, मग पुढे टाकायचा. एक काकाजी सायकल थांबवून म्हणाले, “काय पाहून राहिले भाऊ?” मी बोट दाखवलं. ते कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिले. “लहानपणी आम्ही इथं मासोळ्या धरत होतो,” एवढंच बोलले आणि निघाले.

शेकाट्याखेरीज खंड्या, वंचक आणि तारेवर बसणारा वेडा राघू इथे नेहमीचे. जुना वड किंवा उंबर फळांवर आला असेल तर वर पाहा, राखी धनेशाची जोडी असू शकते. करड्या रंगाचा, वाकड्या चोचीचा हा पक्षी भरवस्तीतही राहतो. आधी त्याची घोगरी हाक ऐकू येते.

रामदासपेठेत कॅनाल रोड बराचसा नदीच्या सोबतीनं जातो. पहिल्या दिवसाचा सगळ्यात सोपा टप्पा हाच. विद्यापीठ ग्रंथालयाजवळचा पूल, मग पंचशील चौकाचा. पंचशीलचा पूल 2023 च्या पुरात खचला होता, तो नव्यानं बांधावा लागला.

इथून दक्षिणेला दीक्षाभूमी फार लांब नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूर का निवडलं ते सांगताना बौद्ध धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची आठवण दिली, आणि त्यात या नाग नदीचाही उल्लेख केला. ज्या पाण्याकडे आपण नाक दाबून पाहतो ते त्या भाषणात आहे, हे मला दरवेळी पंचशीलच्या पुलावर आठवतं.

उत्तरेला सीताबर्डीची टेकडी. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज तिथेच लढले. किल्ला लष्कराकडे आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला तो लोकांना पाहता येतो, तेव्हा त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. त्या टेकडीचा काळा पत्थर लाव्हारसाचा आहे. पश्चिमेकडून पसरत आलेला दख्खनचा हा काळा दगड नागपूरच्या आसपास संपतो आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक लागतो. म्हणजे नाग नदी एका जमिनीवरून निघते आणि दुसरीच्या दिशेनं जाते. हा दगड बारकाईनं अभ्यासणारे पहिले मोठे नाव मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे. 1863 मध्ये टाकळघाटच्या बाजूनं परतताना पुराच्या ओढ्यात बुडून ते गेले.

परतीला झाशी राणी चौकाचं मेट्रो स्टेशन जवळ. त्याआधी तर्री-पोहे. चालून आल्यावर तर्री थोडी जास्तच मागा.

दुसरी सकाळ: तलाव, दरवाजा आणि छत्र्या

मधला भाग, म्हणजे यशवंत स्टेडियमच्या पुढचा रेल्वेकडचा पट्टा, मी वगळतो. रहदारी फार, आणि नदी धड दिसत नाही. दुसऱ्या दिवशी कॉटन मार्केट स्टेशनवर उतरून थेट गांधीसागरला या. जुनी माणसं याला अजून शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं 1702 मध्ये आसपासच्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानानं शहराला तट घातला आणि नागेचं पाणी अडवून हा तलाव केला. तलावाला एक अख्खी फेरी मारा, घाई करू नका. सकाळी काठावर गप्पांची मंडळी असतात, त्यांच्याशेजारी बसलात तर जुनं नागपूर आपोआप ऐकायला मिळतं. समोर रामन विज्ञान केंद्र आहे. मुलं सोबत असतील तर ती तिथेच अडकतील, म्हणून ते परतीला ठेवा.

तिथून गांधी गेटकडे. हा चांद सुलतानाच्या तटाचा जुम्मा दरवाजा. कमानीखालून गाड्या सतत जात असतात, त्यामुळे बाजूला उभं राहून पाहा. आत महाल, भोसल्यांचं नागपूर. रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात गोंडांकडून सत्ता आपल्या हाती घेतली आणि शहर या भागात वाढलं. गल्ल्यांतून कल्याणेश्वराच्या देवळापर्यंत जा. थंडीचे दिवस असतील तर कुठे तरी सांबारवडी तळत असेल. बाहेरगावच्या पाहुण्याला आधीच सांगा की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

महालातून दक्षिणेला उतरलात की जुनी शुक्रवारी येते, आणि नदी पुन्हा भेटते. भोसले घराण्यातल्या माणसांच्या छत्र्या, म्हणजे समाधीवरच्या दगडी वास्तू, आणि काशीबाईचं देऊळ याच भागात आहे. रस्ता विचारताना ‘काशीबाईचं देऊळ’ असंच विचारा, लोकांना ते पटकन कळतं. चपला काढा, फोटोआधी तिथल्या माणसाला विचारा आणि दगडावर चढू नका. राजघराण्यानं आपली माणसं निरोपासाठी या नदीच्या काठी आणली होती, एवढ्यावरूनही त्यांच्या लेखी नदी काय होती ते कळतं. पंधरा मिनिटं नुसतं बसा. मी बसतो तेव्हा कबुतरांचं घुमणं आणि लांबून गाड्यांचा आवाज, एवढंच असतं.

शेवटी अशोक चौकाच्या पुलावर जाऊन खालच्या अंगाला पाहा. इथून नदी पूर्वेला जाते, शहराबाहेर तिला पिवळी नदी मिळते, मग दोघी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. शहरातून यात जे पडतं ते पुढे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यापर्यंत जातं. म्हणून पाण्याची बाटली, पोह्यांचा कागद, काहीही मागे ठेवू नका.

आणि एक काम उरतं. त्याच पुलावरून समोरच्या भिंतीवर पाणी कुठवर आहे ते पाहून कागदावर टिपा. जुलैत चांगला पाऊस पडून ओसरला, की पुन्हा त्याच पुलावर या. काठावर उतरू नका, वरूनच पाहा, आणि त्या दिवशीची उंची आधीच्या उंचीखाली लिहा.