घरात दोन इंटरनेट कनेक्शन आणि टीव्हीवरचं ॲप सारखं लॉगिन मागतंय? हे करून बघा

सबस्क्रिप्शन चालू आहे, पासवर्डही बरोबर आहे, तरी टीव्ही म्हणतो ‘हे डिव्हाइस तुमच्या घरातलं नाही’. दोन कंपन्यांचं इंटरनेट एकाच राउटरला जोडलेलं असेल, तर पासवर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक कनेक्शनचा पब्लिक आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा त्याचा नंबर, वेगळा असतो. राउटर लोड बॅलन्सिंगवर, म्हणजे दोन्ही लाइनवर काम वाटून देत असला की लॉगिन एका लाइनवरून होतं आणि व्हिडिओची मागणी दुसरीवरून जाते. काही सेवांना एवढंही संशयाला पुरतं.

१. आधी खात्री. राउटरमधून एका कनेक्शनची केबल काढा. टीव्ही रिमोटने नाही, प्लगवरून बंद करून पुन्हा लावा. मग केबलींची अदलाबदल करून तेच बघा. दोन्ही लाइन एकेकट्या चालल्या तर घोळ राउटरच्या वाटपात आहे. एकच लाइन अडत असेल तर त्या कंपनीकडेच तक्रार करा. पुढची खटपट नको.

२. टीव्हीला एकच लाइन नेमून द्या. खरं काम इथे आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशनमधून (एखाद्या डिव्हाइससाठी आयपी राखून ठेवायची सोय) टीव्हीला घरातल्या नेटवर्कपुरता कायमचा आयपी द्या, समजा 192.168.1.50. त्यासाठी मॅक ॲड्रेस (डिव्हाइसच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) लागतो, आणि टीव्हीचा वायफायचा मॅक वेगळा, लॅन केबलचा वेगळा. टीव्ही ज्याने जोडलाय तोच घ्या, नाहीतर नियम नुसताच पडून राहतो. मग पॉलिसी राउटिंगमध्ये (कोणाचं ट्रॅफिक कुठल्या लाइनवरून जावं हे ठरवायची जागा) लिहा: या आयपीचं सगळं ट्रॅफिक वॅन 1, म्हणजे राउटरला जोडलेल्या पहिल्या इंटरनेट लाइनवरून. फक्त 443 पोर्टपुरता (सुरक्षित वेब ट्रॅफिकचा मार्ग) नियम करू नका. ही सोय नसेल तर लोड बॅलन्सिंग बंद करून फेलओव्हर (एक लाइन बंद पडली तरच दुसरी वापरायची) ठेवा; टीव्हीपुरतं बोलायचं तर तेच बरं.

३. तरीही अडतंय? आयपीव्ही6 तपासा; ही आयपी ॲड्रेसची नवी पद्धत, जुनी म्हणजे आयपीव्ही4. नियम बऱ्याचदा आयपीव्ही4 पुरताच असतो आणि टीव्ही आयपीव्ही6 ने दुसऱ्या लाइनवरून निसटतो. राउटरवर ते तात्पुरतं बंद करून बघा. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) असेल तर तेही बंद. टीव्हीचं घड्याळ ऑटोमॅटिकवर ठेवा.

४. शेवटी नव्याने लॉगिन. ॲपमधून साइन आउट करा आणि स्क्रीनवरचा कोड मोबाइलवर टाका. त्या वेळी मोबाइल डेटा बंद आणि फोन घरच्याच वायफायवर हवा. जमल्यास फोनलाही तीच लाइन नेमा.

वॅन 1 बंद पडल्यावर टीव्हीला दुसऱ्या लाइनवर जाऊ द्यायचं का, हे नियमातच ठरवता येतं. जाऊ दिलंत तर कधीमधी पुन्हा लॉगिन मागेल. अडवलंत तर लाइन येईपर्यंत टीव्ही बंद.