पहिल्या राऊंडचा पोरगा फुसका निघाला? कट करण्याआधी या चुका टाळा

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणाऱ्या आपल्या मंडळींचं ठरलेलं असतं, सोमवारी पहाटे अलार्म लावून उठायचं, क्वार्टरबॅकने (पास फेकणारा मुख्य खेळाडू) दोन इंटरसेप्शन टाकले, म्हणजे पास थेट समोरच्या टीमच्या हातात दिले, की चहा यायच्या आत "काढा रे याला" म्हणून मोकळं व्हायचं. मीही त्यातलाच. पण ड्राफ्टच्या (टीम्स आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या राऊंडमध्ये घेतलेल्या पोराला काढणं दिसतं तेवढं सोपं नाहीये.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे कट केला की पैसे वाचतात. अहो कसले वाचतात! सायनिंग बोनस पोराला आधीच मिळालेला असतो, फक्त सॅलरी कॅपवर (टीमच्या पगारखर्चाची वार्षिक मर्यादा) तो चार वर्षांत वाटून लावतात. समजा बोनस 20 मिलियन डॉलर, म्हणजे वर्षाला 5, आणि दोन वर्षांनी हाकललं की उरलेले 10 एकदम कॅपवर येऊन आदळतात, हाच तो डेड मनी. त्यात एवढ्या वर निवडलेल्या पोराचा पगार बहुतेक गॅरंटीड असतो, म्हणजे माणूस गेला तरी बिल आपल्याच नावावर. 1 जूननंतर कट केला तर 5 यंदा आणि 5 पुढच्या वर्षी, एवढीच काय ती सवलत. त्यापेक्षा ट्रेड बरा, बोनसचं ओझं आपल्याकडेच राहतं पण उरलेला पगार समोरची टीम देते आणि वर एखादं पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायची पाळी) पण हाताला लागतं. म्हणून आधी फोन फिरवा.

दुसरी चूक, "एवढं देऊन घेतलाय, आता सोडायचा कसा?" फोर्टीनायनर्स टीमने 2021 मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी तीन फर्स्ट राऊंड पिक मोजले, वर एक थर्ड राऊंडचं. दोन सीझनमध्ये चार स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेल्या मॅचेस), त्यात घोटा मोडला, आणि ऑगस्ट 2023 मध्ये चौथ्या राऊंडच्या एका पिकवर काऊबॉइजला देऊन टाकला. लोक हसले, पण मला तो निर्णय पटला राव, कारण 2022 च्या ड्राफ्टचा अगदी शेवटचा, 262 वा पिक, क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, सरळ सरळ चांगला खेळत होता. दिलेले पिक काय परत येणार होते का?

मग घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघा. ओ-लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) चाळणी आहे का, कोऑर्डिनेटर (डाव आखणारा कोच) दरवर्षी बदलतोय का, पास झेलणारे रिसीव्हर कोण आहेत. क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्डला जेट्स टीमने 2018 च्या ड्राफ्टमध्ये तिसरा उचलला, 2021 ला विकला, आणि त्याच माणसाने 2024 मध्ये व्हायकिंग्सना 14 मॅचेस जिंकून दिल्या! पण सगळेच डार्नोल्ड नसतात हं. जमार्कस रसेल, 2007 चा पहिला पिक, रेडर्ससाठी 25 स्टार्टमध्ये 7 विजय, वजन वाढतच गेलं, 2010 ला सुट्टी. तिथे ओ-लाइन बदलून काय होणार होतं?

आणि पाचव्या वर्षाचा ऑप्शन, म्हणजे पहिल्या राऊंडच्या पोराचा चार वर्षांचा करार एक वर्ष वाढवायचा टीमचा हक्क. तिसरा सीझन संपला की मे महिन्याच्या सुरुवातीला टीमला हो-नाही सांगावं लागतं, आणि हो म्हटलं की ते वर्ष पूर्ण गॅरंटीड. जायंट्सनी 2022 ला आपल्या क्वार्टरबॅकचा, डॅनियल जोन्सचा, साधारण 22 मिलियनचा ऑप्शन नाकारला, मग त्याचा एकच सीझन बरा गेला तर मार्च 2023 मध्ये त्यालाच चार वर्षांचे 160 मिलियन लिहून दिले. नोव्हेंबर 2024 मध्ये कट केला, सीझन चालू असतानाच.